कात्री नको, कागद फिरवा

(वाचकांचे प्रश्न, कागदकामाच्या बाईंची उत्तरं)

ऑक्टोबर लागला की माझ्याकडे येणारी पत्रं एरवी आकाशकंदिलाची असतात. यंदा निम्मी पत्रं हॅलोविनची आहेत. सोसायट्यांमध्ये, इंग्रजी शाळांमध्ये ३१ ऑक्टोबरचं वारं शिरलंय हे खरं आणि आई-बाबा गोंधळलेत हेही खरं. पालिकेच्या शाळेत मी सेवानिवृत्तीपर्यंत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवला. कागद कसा धरायचा आणि मुलाच्या हातात कसा द्यायचा, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. त्याच आधारावर ही उत्तरं देते आहे.

प्रश्न : बाई, आमच्या सोसायटीत ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी मुलांची हॅलोविन पार्टी ठरली आहे. चार ते दहा वयाची वीस-बावीस मुलं असतील. सजावट ऑनलाइन मागवण्यापेक्षा मुलांकडूनच कागदाची करून घ्यावी असं आम्हा आयांना वाटतं. पण हाताशी दोनच तास आहेत आणि आमच्यापैकी कुणालाही क्राफ्ट येत नाही. काय करता येईल?
— एक आई, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : दोन तास पुष्कळ झाले, फक्त वस्तू तीनच ठरवा: भूत, भोपळा आणि कोळ्याचं जाळं. मुलांचे वयाप्रमाणे तीन गट करा आणि प्रत्येक गटाला एकच वस्तू द्या. सगळ्यांना सगळं करायला लावलं की पहिल्या अर्ध्या तासात रडारड सुरू होते.

चार-पाच वर्षांच्या मुलांना भूत द्या. वर्तमानपत्राचा लिंबाएवढा बोळा करायचा, त्यावर पांढरा टिश्यू नॅपकिन उलगडून टाकायचा आणि बोळ्याच्या खाली मान आवळायची. या वयात गाठ मारता येत नाही, म्हणून दोरा देऊ नका, छोटं रबर द्या. डोळ्यांसाठी काळं स्केचपेन नुसतं टेकवायचं. टिश्यूवर शाई पसरते आणि डोळे आपोआप मोठे, रडवेले होतात. मुलांना तेच आवडतं. टांगायचा दोरा सुईने मोठ्यांनी ओवावा. एवढ्या लहान मुलांच्या हाती मणी, बटणं, चिकटवायचे प्लॅस्टिकचे डोळे देऊ नका. ते तोंडात जातात.

सहा-सात वर्षांच्या गटाला भोपळा. नारिंगी कार्डशीटच्या दीड सेंटीमीटर रुंद आणि वीस सेंटीमीटर लांब अशा बारा पट्ट्या प्रत्येकाला आधीच कापून ठेवा. दोन्ही टोकांना पंचने भोक पाडायचं, पण एका वेळी तीन-चार पट्ट्यांनाच. बाराही एकदम घातल्या तर मशीन अडकतं. खालच्या भोकांतून जाड दोरा ओवून गाठ मारायची, मग पट्ट्या कमानीसारख्या वाकवून तोच दोरा वरच्या भोकांतून काढायचा आणि हळूच ओढायचा. पट्ट्या फुगतात. मग एकेक पट्टी बोटाने सरकवत गोल पसरायची. ही पट्ट्या पसरायची वेळ मुलाची आहे, तिथे मदत करू नका. सपाट गठ्ठ्याचं त्याच्या बोटाखाली डांगर होतं, आणि ते त्याने स्वतः केलेलं असतं. देठाला हिरव्या कागदाची सुरळी, वेलीचे ताणे हवे असतील तर बारीक पट्टी पेन्सिलीभोवती गुंडाळून सोडायची.

मोठ्यांना जाळं. यासाठी कार्डशीट किंवा साधा घोटीव कागदही चालणार नाही, पतंगाचा पातळ कागदच हवा. पतंगाचा मोसम संक्रांतीचा असला तरी आकाशकंदिलांसाठी तो आत्ताही मिळतो. मेन रोड, रविवार कारंजाच्या बाजूला कागदाच्या जुन्या दुकानांत विचारा. तीस सेंटीमीटरचा चौकोन घ्या. कर्णावर घडी घाला, त्रिकोण होईल. त्याची अर्धी घडी, पुन्हा अर्धी आणि चौथ्यांदा आणखी एक. प्रत्येक घडीत कागदाच्या मधोमधचं टोक तेच राहिलं पाहिजे, तिथे पेन्सिलने आधीच ठिपका देऊन ठेवा. आता हातात सोळा पदरांची निमुळती पाचर आली. तिच्या एका कडेपासून वाकड्या फटी कापत जायचं: काप मधल्या टोकाच्या बाजूने सुरू होऊन दुसऱ्या कडेकडे जाताना बाहेर झुकला पाहिजे. दुसऱ्या कडेला मात्र पोहोचायचं नाही, अर्धा सेंटीमीटर शाबूत ठेवायचं. टोकाजवळचे तीन सेंटीमीटरही सोडून द्या. बाहेरची कडही तशीच वाकडी छाटा. उलगडलं की आठ आऱ्यांचं, मध्ये झोळ पडलेलं जाळं निघतं. पहिल्यांदा उलगडताना मुलं श्वास रोखतात. घाई केली तर कागद फाटतो, म्हणून एकेक घडी फुंकर मारत सोडवायला सांगा.

सोळा पदर कापायचे म्हणजे कात्री कशी धरायची ते शिकवावं लागेल. कोपर अंगाला टेकलेलं, अंगठा वर. वळण आलं की कात्री जागच्या जागी चालत राहते, फिरतो तो कागद, दुसऱ्या हाताने. बहुतेक मुलं उलटं करतात, कात्रीच वळवायला जातात, आणि मनगट वाकडं होऊन काप भरकटतो. डावखुरं मूल असेल तर त्याच्यासाठी डाव्या हाताची कात्री आणाच. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून लांब जातात, कागद कापला न जाता दुमडतो, आणि मूल समजतं की आपल्यालाच येत नाही.

शेवटचं, पण महत्त्वाचं: कागदाच्या जवळपास मेणबत्ती नको. भोपळ्यात उजेड हवा असेल तर सेलवरचे छोटे एलईडी दिवे ठेवा. आणि टांगायला साधा सुती दोरा वापरा. घरात पडलेला नायलॉन मांजा कुणी उत्साहाने आणून देईल, तो थेट कचऱ्यात गेला पाहिजे.

प्रश्न : नातवंडं घरात भुतं, कवट्या, काळी वटवाघळं लटकवत आहेत. दिवाळी तोंडावर असताना हे अशुभ घरात कशाला? आपण शिक्षिका असून अशा परक्या गोष्टींना उत्तेजन देता याचं वाईट वाटतं.
— एक आजोबा, पंचवटी

उत्तर : आपली तळमळ मला कळते. दिवाळीच्या दिवसांत दारातल्या रांगोळीवर काळी वटवाघळं लोंबकळावीत हे मलाही पटणार नाही. तारखा तशा जवळ येतात. २०२४ साली तर ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. अशा वर्षी माझं मत स्पष्ट असतं: पहाटे अभ्यंगस्नान, कारीट, फराळ, आणि हॅलोविन त्या वर्षी राहिलं तरी काही बिघडत नाही.

पण हा सण नुसता भुताखेतांचा नाही, हे नातवंडांना आपणच सांगावं असं मला वाटतं. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेत सर्व संतांचा दिवस. त्याच्या आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. आपल्याकडचे कॅथलिक कुटुंबीय त्या दिवशी कबरी स्वच्छ करून फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्याच्याही मागे आयर्लंडमधल्या जुन्या केल्टिक लोकांचा सुगी संपून हिवाळा सुरू होतानाचा सण आहे. त्या रात्री मेलेले लोक घराकडे फिरकतात अशी समजूत. आपण भाद्रपदात पितरांसाठी पान वाढतो, कावळ्याची वाट पाहतो. माणसं वेगळी, मुलूख वेगळा, पण गेलेल्यांची आठवण काढायला वर्षातले काही दिवस राखून ठेवावेत ही ओढ तीच. आणि डांगर कोरायची पद्धत तर नंतरची. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात निखारा ठेवत. तिथले लोक एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात, मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले. तिथे डांगर मुबलक, मोठं आणि कोरायला सोपं. सलगम मागे पडलं.

भीतिदायक गोष्ट स्वतःच्या हाताने करायची आणि मग तिची भीती घालवायची, ही रीत आपल्याकडेही आहे. गोव्यात नरक चतुर्दशीच्या पहाटे नरकासुराच्या प्रचंड प्रतिमा जाळतात. कागद आणि गवत भरून त्या गल्लीतली पोरंच करतात. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत नावाचा मोठा पुतळा मिरवणुकीने निघतो. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या बोहाड्याबद्दल, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवायच्या उत्सवाबद्दल, पुढच्या एका उत्तरात लिहिलंच आहे.

माझी आपल्याला विनंती आहे. नातवंडांना सांगा की ही सजावट तुमच्या खोलीच्या एका कोपऱ्यात, देवघर आणि उंबरठा सोडून. आणि त्याच कात्रीने, त्याच कागदाने या वर्षीचा आकाशकंदील आपल्याजवळ बसून करायला लावा. बांबूच्या कामट्या बांधायला पोरांना येत नाही, ती गाठ आपल्या पिढीच्या हातात आहे. कामट्या बांधता बांधता पिंपळावरच्या मुंज्याची गोष्टही होऊन जाऊ द्या. पंचवटीत जुन्या पिंपळांना तोटा नाही.

प्रश्न : क्राफ्टसाठी बाजारातला गोंद फार लागतो. घरी खळ कशी करायची? आमची खळ दोन दिवसांत आंबते, आणि केलेल्या वस्तू झुरळं खातात.
— एक बाबा, सिन्नर

उत्तर : एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा आधी एक वाटी गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका. उरलेलं चार वाट्या पाणी उकळलं की त्यात ही पेज ओतून मंद आचेवर ढवळत राहा. पांढुरका रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा. चिमूटभर तुरटीची पूड घाला आणि गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवा, चार-पाच दिवस टिकते. लागेल तेवढीच वाटीत काढून घ्या. मुलांची बोटं बुडालेली खळ परत डब्यात ओतली की ती आंबणारच.

पूर्वी खळीत मोरचूद घालत, किडा लागू नये म्हणून. ते विषारी आहे. मुलं खळीचे हात तोंडाला लावतात, त्यामुळे घरी मोरचूद अजिबात नको. झुरळं येतात ती ओलसर वस्तूंवर. खळ पातळ लावा, वस्तू उन्हात खडखडीत वाळवा. आपल्याकडचं ऑक्टोबरचं ऊन या कामाला एकदम चांगलं.

प्रश्न : माझी साडेपाच वर्षांची मुलगी अंधाराला आणि भुताला खूप घाबरते. शाळेत हॅलोविनचं क्राफ्ट आहे म्हटल्यापासून रात्री उठून रडते. तिला त्या दिवशी घरीच ठेवू का?
— एक आई, इंदिरानगर

उत्तर : तिला जायचं नसेल तर खुशाल ठेवा. पण तो दिवस यायच्या आधी घरी, दिवसाढवळ्या, तिच्याबरोबर एक गोष्ट करून पाहा.

सुरुवात भुताने करू नका, घुबडाने करा. फॉइलच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी घ्या. तिचं वरचं तोंड पुढून आणि मागून बोटाने आत दाबलं की दोन बाजूंना दोन टोकं उभी राहतात, तेच घुबडाचे कान. नळीला खाकी कागद लपेटा, पोटावर जुन्या वहीच्या कागदाच्या अर्धगोल खवल्या खालून वर चिकटवत न्या. खालून वर, म्हणजे प्रत्येक खवलीचं चिकटवलेलं टोक पुढच्या ओळीखाली झाकलं जातं आणि खरी पिसं दिसतात. दोन मोठे पांढरे गोल, त्यांत छोटे काळे गोल. या डोळ्यांपाशी थांबा आणि तिला विचारा: घुबड कुठे बघतंय? काळे गोल ती जिथे ठेवेल तिथे ते बघतं. वर ठेवले की विचारात पडलेलं, आत नाकाकडे ठेवले की तिरळं, खाली ठेवले की झोपेला आलेलं. चिकटवण्याआधी तिला हवे तितके वेळा ते सरकवू द्या. घाबरवणारा चेहरा कसा तयार होतो आणि तो कसा बदलता येतो, हे तिच्या बोटांना कळतं. मी वर्गात याच एका कृतीवर अख्खा तास घालवत असे आणि तो कधी वाया गेला नाही.

मग तिला सांगा की घुबड लक्ष्मीचं वाहन आहे, आणि आपल्या शेतात राहणारं गव्हाणी घुबड रात्रभर उंदीर मारतं. शेतकऱ्याचं ते मित्रच. दुसऱ्या दिवशी तिची तयारी असेल तर भूत करा. मात्र भुताचं नाव, त्याला काय खायला आवडतं, ते कशाला घाबरतं, हे तिनेच ठरवायचं. माझ्या वर्गातली भुतं बहुतेक आईच्या हाकेला घाबरायची.

ती वस्तू तिच्या खोलीत रात्री ठेवू नका. दिवाणखान्यात ठेवा, आणि आत न्यायची का हे तिच्यावर सोडा.

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यातल्या आश्रमशाळेत शिकवतो. शहरातल्या शाळांचे हॅलोविनचे फोटो पाहून आमची मुलंही मुखवटे करू म्हणतात. आमच्याकडे रंगीत कागद नाहीत, फक्त जुनी वर्तमानपत्रं आहेत. काही सुचवाल का?
— एक शिक्षक

उत्तर : सर, तुमचं पत्र आल्यावर मला फार आनंद झाला. मुखवट्याच्या बाबतीत शहरातल्या मुलांनी तुमच्या मुलांकडे शिकायला यावं, अशी तुमची जागा आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरी आणि पलीकडे जव्हार-मोखाडा या साऱ्या पट्ट्यात बोहाडा होतो. होळीनंतर, पावसाळ्याच्या आधी रात्ररात्र सोंगं नाचतात. गणपती येतो, शारदा येते, रावण येतो, वेताळही येतो. मुखवटे लाकडाचे असतात तसे कागदाच्या लगद्याचेही. तुमच्या मुलांपैकी कुणाचे आजोबा, काका सोंग घेत असतील. मुखवटा करायला घेण्याआधी त्यांना शाळेत बोलवा. त्यांनी हातात धरून दाखवलेला एक मुखवटा माझ्या या उत्तरापेक्षा जास्त शिकवेल. बोहाड्यातले काही मुखवटे पूजेचे असतात, त्यामुळे कोणता हुबेहूब करायचा आणि कोणता नाही हेही त्यांनाच विचारा.

आता कृती. फुगा मुलाच्या डोक्याएवढा फुगवायचा. वर्तमानपत्राच्या तीन बोटं रुंदीच्या पट्ट्या फाडायच्या, कापायच्या नाहीत. फाटलेली कड पातळ होते आणि खळीत विरघळून बसते, कापलेल्या कडेचा कंगोरा वर दिसत राहतो. वर्तमानपत्र वरून खाली फाडलं तर पट्टी सरळ निघते, आडवं फाडायला गेलं तर वेडीवाकडी जाते. कागदाचे तंतू ज्या दिशेला असतात त्याच दिशेने तो सरळ फाटतो. मुलांना दोन्ही करून पाहू द्या, विज्ञानाचा एक धडा तिथेच होतो.

पट्टी खळीत बुडवून दोन बोटांमधून निपटून घ्यायची. खळ गळत असेल तर वाळायला आठवडा लागेल. पहिला थर उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा, असे चार-पाच थर. थर ओळखू यावेत म्हणून एक थर बातम्यांच्या पानांचा आणि एक जाहिरातींच्या रंगीत पानांचा घ्या, म्हणजे कुठे कागद राहिला ते लगेच दिसतं. सावलीत एक दिवस आणि उन्हात एक-दोन दिवस. टिचकी मारली की टणक वाजलं पाहिजे. मग फुगा फोडायचा आणि उभा अर्धा काप घ्यायचा: एका फुग्यातून दोन मुखवटे. डोळ्यांची भोकं मुलाच्या तोंडावर धरून, बोटाने खूण करूनच पाडा, नाहीतर दिसत नाही आणि मूल धडपडतं. नाक, भुवया, दात यांसाठी तोच कागद भिजवून, कुटून, खळीत मळून लगदा करा.

रंग नाहीत म्हणालात. गेरू, चुना, काजळी आणि हळद तुमच्याकडे आहेत. चुना लावायचं काम तुम्ही करा, मुलांच्या डोळ्यांत जायला नको. बाकी रंग खळीच्या पातळ पाण्यात कालवले की हाताला लागत नाहीत. कानाजवळ भोक पाडून सुतळी ओवा. स्टेपलर वापरलाच तर पिनांची टोकं बाहेरच्या बाजूला येऊ द्या आणि वर कागद चिकटवा.

हे मुखवटे ३१ ऑक्टोबरलाच घालावेत असं काही नाही. शाळेच्या गॅदरिंगपर्यंत ते सहज टिकतील.

प्रश्न : शाळेने हॅलोविन क्राफ्ट घरून करून आणायला सांगितलं आहे, त्याला गुण आहेत. माझ्या मुलाचं काम वाकडंतिकडं होतं, बाकी मुलांचं अगदी सुबक असतं. शेवटी मीच सगळं करते. चूक करते का?
— एक आई, सिडको

उत्तर : हो. बाकी मुलांचं सुबक असतं कारण तेही त्यांच्या आयाच करतात, आणि हे वर्गातल्या बाईंना पहिल्या नजरेत कळतं. सात वर्षांच्या मुलाची कात्री कशी चालते हे आम्हाला पाठ असतं.

तुम्ही कागद धरा, पट्ट्या आखून द्या, डिंकाचं झाकण उघडून द्या. कात्री त्याच्याकडे. वाकडं कापलं गेलं तर तो ते पाहतो, पुढच्या वेळी हात सावरतो. तुम्ही सरळ करून दिलंत तर त्याला कळतं ते एवढंच की त्याचं चालत नाही. शाळेत देताना वहीत लिहून द्या: हे काम पूर्ण त्याने केलं आहे. गुण कमी पडले तर पडू द्या, आणि ती वस्तू घरात सगळ्यांना दिसेल अशी लावा.

प्रश्न : बाई, मी पाचवीत आहे. मी काळ्या कागदाचं वटवाघूळ केलं आणि पाठीला दोरा बांधून पंख्याखाली टांगलं. ते नुसतं गोल फिरतं, पंख हलवत नाही. पंख हलवणारं वटवाघूळ करता येतं का?
— नाशिकरोडचा एक विद्यार्थी

उत्तर : येतं. आणि तू नेमका प्रश्न विचारलास, म्हणून तुला नेमकं उत्तर देते.

दोरा पाठीला बांधायचाच नाही, पंखांना बांधायचा. असं कर. काळ्या कार्डशीटचं अंग वेगळं काप आणि दोन पंख वेगळे काप. पंख सारखे यावेत म्हणून कागद दुमडून दोन्ही एकदम काप. खालच्या कडेला तीन झालरी दे, खऱ्या वटवाघळाच्या पंखात लांब बोटं असतात आणि त्यांच्यामध्ये कातडी ताणलेली असते, त्यामुळे तशी कड दिसते. अंग आणि पंख यांच्यामध्ये कागदाच्या जाडीएवढी फट ठेवून वरून पतंगाच्या कागदाची पट्टी चिकटव. ही झाली बिजागरी. पंख वर-खाली सहज हलला पाहिजे, अडला तर फट थोडी वाढव.

आता प्रत्येक पंखावर, अंगापासून साधारण पंखाच्या एक तृतीयांश अंतरावर, दोन भोकं पाड, एक पुढे आणि एक मागे. एकाच दोऱ्याची दोन टोकं त्या दोन भोकांना बांध आणि दोऱ्याचा मधला भाग वर घे. दुसऱ्या पंखालाही तसंच. दोन्ही दोरे खराट्याच्या एका हिराला बांध, मध्ये पंखांवरच्या भोकांएवढंच अंतर ठेवून. हीर मधोमध दोऱ्याने टांग. पंख्याखाली नको, खिडकीपासून लांब, वारा नसेल तिथे.

मग वजन जुळवायचं. पोटाखाली एक यू-क्लिप लाव आणि बघ. पंखांची टोकं खाली लोंबत असतील तर पोटाला वजन कमी पडतंय, अजून एक क्लिप लाव. टोकं वर उभी राहिली तर वजन जास्त झालं, किंवा भोकं अंगाच्या आणखी जवळ घ्यायला हवीत. पंख जवळजवळ सपाट राहिले की जमलं. अंग दोन बोटांत धरून हळूच खाली ओढ आणि सोड. अंग वर जाईल तेव्हा पंख खाली येतील, अंग खाली येईल तेव्हा पंख वर जातील, आणि काही वेळ ते तसंच चालू राहील. हे घराच्या अंगणातल्या सी-सॉच्या तत्त्वावर चालतं, दोऱ्याची जागा म्हणजे त्याचा टेकू.

वजन जुळवायला वेळ लागला तर कंटाळू नकोस. आणि जमलं की पोटाला किती क्लिपा लागल्या आणि भोकं अंगापासून किती सेंटीमीटरवर पाडलीस, ते मला नक्की कळव. पुढच्या अंकात तेच माप छापू, म्हणजे बाकीच्या मुलांना सोपं जाईल.